पाली नसलेली पाली

पाली म्हटलं की समोरचा माणूस हात जोडतो आणि बल्लाळेश्वराचा प्रसाद आणलात का, असं विचारतो. ती पाली रायगड जिल्ह्यातली, अष्टविनायकांतली. आमची पाली घाटाच्या या अंगाला. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागायचं, नसरापूर फाट्याला आत वळायचं, मार्गासनी मागे टाकायचं, आणि राजगड इतका जवळ आला की टोपी सावरून वर बघावं लागतं, तिथे ती आहे. तालुका कालपरवापर्यंत वेल्हे होता, आता राजगड झाला. या पालीत बाहेरून कोणी नवस फेडायला येत नाही. पहाटे साडेपाचला गाड्या येतात, डिक्या उघडतात, ट्रायपॉड उभे राहतात, आणि दहा-बारा सुशिक्षित माणसं आकाशाकडे तोंड करून ढगांना नावं ठेवतात.

मी त्यांच्यातला एक. आम्ही जंगलांचे, डोंगरांचे, रानमाळांचे फोटो काढत हिंडतो. म्हणजे निसर्गाची सेवा करतो. निसर्गाने याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही. माणसं मात्र करतात, आणि त्यांत घरची आघाडीवर असतात. आपलं कौतुक दुसरं कोणी करील म्हणून पुष्कळ वर्षं वाट पाहिली. आता ते काम आपणच उरकावं, असं ठरवलं आहे.

आमचा पहिला गुण त्यागाचा. आम्हाला एकांत लागतो. त्यासाठी आम्ही रात्री दोनला उठतो, बारा जण तीन गाड्यांतून निघतो, आणि वाटेत टोलनाक्याजवळ एकांताच्याच ओढीने निघालेले आणखी तीस जण भेटले की त्यांच्याबरोबर चहा घेतो. निघताना बायको विचारते, "गेल्या रविवारचाच डोंगर ना?" घरच्यांना उजेडातला फरक कळत नाही. गेल्या रविवारी पाऊस होता म्हणून काही दिसलं नव्हतं. या रविवारी धुकं असणार आहे.

दुसरा गुण ओझं वाहण्याचा. गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाजाला जाणारे हातापायांवर चढतात; पालीची वाट म्हणजे राजरस्ता, रुंद, पायऱ्यापायऱ्यांचा. वरचा पाली दरवाजा इतका ऐसपैस की अंबारीसकट हत्ती आत जाईल, असं सांगतात. हा हत्ती नेमका कोण, याचा जाणकारांनी खोलात विचार केलेला नाही. त्यांनी माझी बॅग पाहिलेली नाही. तिच्यात दोन कॅमेरे असतात, चार लेन्सा, फिल्टरांची पेटी, ट्रायपॉड आणि ट्रायपॉड हलू नये म्हणून त्याला टांगायचं वजन. पाण्याच्या बाटलीला जागा उरत नाही, ती गाडीत राहते.

ही परंपरा जुनी आहे. सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज १८६३ ते १८६६ या काळात तीनदा हिमालयात गेला. तेव्हा काचेला रसायनाचा ओला लेप द्यायचा, तो वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि जागच्या जागी काच धुवायची, अशी रीत होती. म्हणून अंधारखोलीचा तंबू, काचा आणि रसायनांच्या बाटल्या, सगळं डझनावारी हमालांच्या पाठीवरून वर गेलं. १८६६ मध्ये बोर्नने साडेअठरा हजार फुटांवरच्या मणिरंग खिंडीत फोटो काढले. ते पाहताना वाटतं, इथे कधी कोणी आलंच नसेल. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला तेव्हा अर्धं गाव थंडीने कुडकुडत उभं होतं. कला म्हणतात ती हीच: कॅमेरा कुठे वळवायचा नाही, हे कळणं.

तिसरा गुण श्रद्धेचा. जुलैत राजगड दिसत नाही. तो आहे हे नकाशावरून आणि भूतकाळावरून मान्य करावं लागतं. माझ्याकडे सुवेळा माचीचे चारशेवर फोटो आहेत. सगळे पांढरे. त्यांत माची नाही, पण ती कुठे असती हे मी बोट ठेवून दाखवू शकतो. माचीच्या कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्या नेढ्यातून आलेला सूर्यकिरण टिपायला मी सात पावसाळे वर बसलो. सूर्य सातही वेळा उगवला असावा, कारण नंतर दिवस झाला.

पण हे सगळे किरकोळ गुण. आमच्या विद्येचा गाभा वेगळाच आहे. तो म्हणजे खोडणं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फोटो काढला की संपलं. अहो, तिथून सुरुवात होते. पालीच्या अलीकडून राजगडाचा जो प्रसिद्ध देखावा दिसतो, भाताची खाचरं, मागे झाडी, त्यामागे गड, त्यात विजेच्या चार तारा येतात, दोन खांब येतात, एक डीपी येते. निळी टाकी येते. घरांचे पत्रे येतात आणि नेमके चकाकतात. हे सारं रात्री बसून एकेक करून घालवावं लागतं. पूर्वी त्याला तास लागत. आता संगणकाला नुसतं सांगितलं की तो तारेच्या जागी आभाळ घालतो आणि पत्र्याच्या जागी झाड. झाड कुठलं, याची त्याला फिकीर नसते. माझ्या एका फोटोत पालीच्या वेशीवर देवदार उगवला होता. पुष्कळांनी वाहवा केली.

कोणी याला खोटेपणा म्हणेल. त्याने थोरांची उदाहरणं पाहावीत. ॲन्सेल ॲडम्स हे आमच्या पंथाचे आद्यपुरुष. १९४४ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळून सिएरा नेवाडाच्या सूर्योदयाचा फोटो काढला. गावातल्या शाळकरी पोरांनी समोरच्या टेकडीवर पांढऱ्या दगडांनी गावाच्या नावाची दोन मोठी अक्षरं मांडून ठेवली होती. ॲडम्सनी ती फोटोतून घालवली, आणि घालवल्याचं पुढे स्वतःच सांगितलंही. पोरांनी आपलं गाव डोंगरावर लिहिलं, कलावंताने ते पुसलं. आता जगभरच्या भिंतींवर तो डोंगर आहे, बिनअक्षरांचा.

त्याहून मोठं काम त्याआधीच होऊन गेलं होतं. त्याच कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत अहवानीची नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाच्या हत्यारबंद तुकडीने त्यांना तिथून हुसकलं. दहा वर्षांनी, १८६१ मध्ये, कार्लटन वॉटकिन्स खेचरांवर भल्यामोठ्या काचा लादून त्या दरीत गेला आणि त्याने असे फोटो आणले की पाहणारे थक्क झाले: काय ही अस्पर्श, निर्मनुष्य भूमी! १८६४ मध्ये लिंकनच्या सहीने ती दरी लोकांसाठी राखून ठेवण्यात आली. लोकांसाठी म्हणजे पाहायला येणाऱ्या लोकांसाठी. आम्ही एका रात्रीत चार तारा खोडतो तेवढ्याने मान अवघडते. तिथे अख्खी वस्ती आधीच खोडून ठेवलेली होती, कॅमेऱ्याला काही करावंच लागलं नाही. एवढी पूर्वतयारी आमच्या नशिबी कुठली?

आपल्याकडे याबाबतीत सुरुवातीपासून ढिलाई. गो. नी. दांडेकरांचंच घ्या. राजगडावर त्यांचा जीव, मुक्कामच्या मुक्काम तिथे, कॅमेराही हाताशी. पण गडावर त्यांना पुन्हापुन्हा माणसंच दिसायची. ‘वाघरू’सारखी कादंबरी त्यांनी या गडावर रचली आणि ती माणसांनी भरून टाकली. त्या काळी खोडायची सोय नव्हती, एवढंच म्हणून सोडून देऊ.

आम्ही माणसाच्या विरुद्ध आहोत, असं कोणी समजू नये. माणूस चालतो, पण शोभेल असा हवा. मागच्या आषाढात एक गृहस्थ खाचरात चिखलणी करत होते. फ्रेम तयार होती: चिखल, पाणी, पाण्यात गडाचं प्रतिबिंब. घोटाळा एकच, हातात पॉवर टिलर. धूर, आवाज, लाल रंग. आमच्यातल्या एकाने बांधावर जाऊन नम्रपणे विचारलं, "दादा, बैल नाहीत का?"

"हायेत की. गोठ्यात."

"मग थोडा वेळ बैल जुंपता का? पाच मिनिटं. फोटोपुरतं."

त्यांनी टिलर बंद केला. आमच्या बुटांकडे पाहिलं, मग गडाकडे पाहिलं. "अन्‌ ह्यो कुणी वडायचा? तुमी?"

ग्रामीण भागात कलेची जाण कमी होत चालली आहे, ती अशी. पलीकडे बायका लावणी करत होत्या, डोक्यावरून पाठीवर खताच्या पोत्यांच्या प्लॅस्टिकच्या खोळी. त्यांना आम्ही इरलं घ्यायला सुचवलं. एकीने सांगितलं, तिच्या सासूचं होतं, ते मोडलं. दुसरीने विचारलं, तुम्ही अंगात घातलंय तसलं जाकीट केवढ्याला मिळतं? किंमत सांगितल्यावर लावणी काही वेळ थांबली. तेवढ्यात उजेडही गेला.

तळ्यांच्या बाबतीत आमचं नशीब चांगलं. राजगडावरून दूर भाटघरचं पाणी दिसतं. निळं, शांत, वळणावळणांचं. फोटोखाली आम्ही ‘सह्याद्रीच्या कुशीतला अनाघ्रात जलाशय’ असं लिहितो. ते धरण आहे. १९२० च्या दशकात वेळवंडी नदी अडवून इंग्रजांनी बांधलेलं. पाण्याखाली खाचरं आहेत, जुन्या वाटा आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ पाण्यातून बाहेर येतं. मग आम्ही त्याचेही फोटो काढतो, ‘गूढ’ म्हणून. ज्यांनी त्याच्यापुढे नारळ फोडले त्यांच्या नातवंडांना त्यात गूढ काही दिसत नाही. पाणी चढलं की देव आत जातो, उतरलं की बाहेर येतो, एवढंच ती सांगतात. इथे गाव खोडायचं काम पाटबंधारे खात्याने आमच्या आधीच करून ठेवलं. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले आहेत.

युनेस्कोने मात्र निराशा केली. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले. त्यांत राजगड आहे. आम्ही पेढे वाटले. मग नाव नीट वाचलं: ‘मराठा लष्करी भूप्रदेश’. म्हणजे त्यांच्या मते इथल्या डोंगराला मोल आलं ते माणसांनी तो वापरला म्हणून. कोणी चौकी बसवली, कोणी टाकी खोदली, कोणी पालीच्या वाटेला पायऱ्या घातल्या, कोणी वर धान्य पोचवलं म्हणून. ज्याला आम्ही इतकी वर्षं निर्मनुष्य करत आलो, त्याच्यावर त्यांनी माणसांचा शिक्का मारला. पण फोटोला नाव आडवं येत नाही. आम्ही काम चालू ठेवलं आहे.

आमचा सह्याद्री मेअखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरात संपतो. मार्चात तो कसा दिसतो याची आम्हाला कल्पना नाही. वणव्यांनी काळा पडतो, असं ऐकून आहोत. एप्रिलमध्ये पाण्यासाठी हंडे घेऊन हिंडावं लागतं, असंही म्हणतात, पण त्या दिवसांत उजेड फार कडक असतो. कारवीचं तसंच. सात वर्षं ती नुसती पानं घेऊन उभी असते, आठव्या वर्षी सगळा उतार जांभळा करते, बी धरते आणि मरते. आम्ही बरोबर आठव्या वर्षी जातो. मधली सात वर्षं तिच्याशी व्यवहार ठेवायचं काम गावाकडे: तिच्या काठ्या आणायच्या, कुडाची भिंत विणायची, शेणाने लिंपायची. श्रमविभागणी चोख आहे. गावाकडे भिंत, आमच्याकडे फूल.

काजव्यांबद्दल तर आमचे उपकार विशेष. मेअखेर, पाऊस तोंडावर आला की, मावळातली झाडं लुकलुकायला लागतात. काजव्याचा नर मादीला उजेडाने साद घालतो. आयुष्य थोडं, त्यात हे एकच काम. अशा वेळी त्याला अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून आम्ही हेडलाइट लावून, कपाळाला टॉर्च बांधून, मोबाईलचा फ्लॅश मारत जातो. बिचाऱ्याला एवढी मोठी मादी उभ्या जन्मात दिसलेली नसते. मग ट्रायपॉड लावून एकाच झाडाचे शंभर फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. झाडावर दोनशे काजवे असले तर फोटोत वीस हजार होतात. पुढच्या वर्षी झाडावर पन्नासच उरले तरी चिंता नाही, थर वाढवता येतात. इतक्या कमी खर्चात प्रजाती वाढवून दाखवणं सरकारलाही जमलेलं नाही.

आमचे व्याघ्रपंथी बांधव याहून पुढे गेले आहेत. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांना घेऊन निघाली होती. पर्यटकांच्या जिप्सींनी तिची वाट दोन्हीकडून बंद केली. वर्ष संपत होतं, प्रत्येकाला फोटो हवा होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. प्रेमात पडलेल्यांच्या मागे कोर्टकचेरी लागणं नवीन नाही.

या सगळ्यात मला खटकतात त्या फक्त देवराया. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत त्या अजून टिकून आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून जगापुढे मांडलं की, इथलं जुनं रान जिथे राहिलं तिथे ते देवाच्या नावाने राहिलं. फांदी तोडायची नाही, वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही. मोडलं तर देव बघून घेईल. आता पाहा, शेकडो वर्षं रान राखलं, आणि राखणाऱ्याकडे एक फोटो नाही. पुरावा काय? मी अशा एका राईत गेलो होतो. आत इतका अंधार की कॅमेऱ्याला फोकस सापडेना. बरोबरचा पोरगा चपला बाहेर काढून आला होता. मी बूट काढले नाहीत; लेसा बांधायला वेळ लागतो. एकही फोटो धड आला नाही. ज्या रानाचा फोटो येत नाही ते राखून उपयोग काय, हे त्या देवाला कोणीतरी समजावलं पाहिजे.

शेवटी गेल्या श्रावणातला प्रसंग सांगतो, म्हणजे आमची कला कुठवर पोचली ते ध्यानात येईल.

दोन दिवस पाऊस लागून होता. पालीत एका आजींकडे उतरलो होतो. लाइट आदल्या रात्रीपासून नव्हते. कुठेतरी फांदी पडून तार तुटली होती. माझ्या चारही बॅटऱ्या संपत आल्या होत्या. संध्याकाळी अचानक पश्चिमेला ढग फाटले आणि गडावर असा पिवळा उजेड पडला की अकरा वर्षांत पाहिला नव्हता. मी ट्रायपॉड घेऊन पळालो. जागा ठरलेली होती. खाचर, झाडी, गड. आणि मधोमध, खांबावर, माणूस.

वायरमन होता. कमरेला पट्टा, अंगावर फाटका रेनकोट, दातांत वायरचा तुकडा. मी खालून ओरडलो, "अहो, जरा खाली उतरता का? चारच मिनिटं!"

त्याने वरून पाहिलं. दातांतली वायर काढून म्हणाला, "उतरतो की. लाइट नको ना मग?"

या प्रश्नाला उत्तर देण्यात उजेड घालवणं मला परवडणारं नव्हतं. मी फोटो घेतला, त्याच्यासकट. शेवटची बॅटरी तेवढी पुरली. सातच्या सुमारास घरात दिवा लागला, शेजारच्या घरात टीव्ही बोलायला लागला. मी चारही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, लॅपटॉप लावला, आणि पिठलं-भाकरी खात कामाला बसलो. आधी तारा खोडल्या. मग खांब. मग खांबावरचा माणूस. त्याला थोडा वेळ लागला, कारण त्याचा हात गडाच्या कडेवर आला होता. मग डीपी, टाकी, पत्रे. ज्या घरात बसलो होतो त्याचा कोपरा डावीकडे येत होता, तोही काढला. आजींची म्हैस काढली. मधे एकदा दिवा मिणमिणला तेव्हा पोटात गोळा आला, पण काम सेव्ह केलेलं होतं.

झालं तेव्हा दहा वाजले होते. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो. दाखवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून चुलीपाशी बसलेल्या आजींना दाखवला. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं, पुन्हा डावीकडे आणलं, जिथे घराचा कोपरा होता तिथे थांबवलं.

"पाऊस बरा झालाय यांच्याकडं," त्या म्हणाल्या. "कंचं गाव म्हनायचं ह्ये?"